शब्दांचे तोतये

पाव शेर दूध घेऊन घराकडे निघालेला एखादा मुंबईकर गृहस्थ वाटेत इराण्याच्या दुकानातून पाव घेतो आणि पावसाची सर कोसळण्यापूर्वी घराचा उंबरठा गाठला म्हणून ‘देव पावला’ असे उद्गारतो, तेव्हा ‘पाव’ हीच दोन अक्षरे तीनदा त्याच्या मुखातून बाहेर पडलेली असतात. परंतु त्या तिन्ही खेपांना त्यांचे कूळ, गोत्र आणि मुलूख ही सर्वस्वी निराळी असतात, ह्याची त्या गृहस्थाला कल्पना नसते आणि ती असण्याचे त्याला कारणही नसते. पहिला पाव संस्कृत ‘पाद’ ह्या शब्दाचा वंशज आहे. चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, ह्या हिशेबाने पादाला चतुर्थांशाचा अर्थ आला, आणि म्हणून आपल्या शरीराचा पाय व दुधाचा पाव हे सख्खे भाऊ ठरतात. देवाचे पावणे हे ‘प्राप्’ ह्या धातूपासून प्राकृतातील ‘पावइ’च्या वाटेने आले. मधला, खाण्याचा पाव मात्र लॅटिन ‘पानिस्’चे पोर्तुगीज रूप धारण करून सोळाव्या शतकात गलबतांतून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला, आणि तो भाजणाऱ्याला गोव्यात आजही ‘पोदेर’ म्हणतात, ते नावही त्याच्याबरोबरच आलेले आहे. पायांनी तुडवून मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही व्युत्पत्ती मी लहानपणी वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून ऐकली होती, आणि तिच्या धास्तीने काही दिवस पाव खाणे वर्ज्यही केले होते. खोट्या व्युत्पत्तीने मनुष्याला उपाशी ठेवल्याचे हे उदाहरण शास्त्रकारांच्या दृष्टीने क्षुल्लक असले, तरी मला ह्या विषयाची गोडी तेथूनच लागली.

पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेल्या शब्दांत असाच एक फसवा शब्द ‘तुरुंग’ हा आहे. त्याचा ‘तुरंग’ असाही उच्चार पूर्वी होत असे, आणि संस्कृतज्ञाच्या डोळ्यांसमोर त्या उच्चारासरशी घोडा उभा राहणे अपरिहार्य होते. त्वरेने जाणारा तो तुरंग, आणि जेथून हलताही येत नाही तो तुरुंग, हा विरोध कोणाही कोटिबाज वक्त्याच्या पथ्यावर पडण्याजोगा आहे. वस्तुतः तुरुंग हा पोर्तुगीज ‘त्रोंकु’ होय. ह्या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचे खोड. कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडा हा पुढचा अर्थ, आणि बंदिशाळा हा त्याच्याही पुढचा. मराठीतही ‘खोड’ आणि ‘खोडा’ ह्यांचे असेच नाते आहे, ह्यावरून अर्थाच्या वाटा दूरदूरच्या भाषांतही समांतर जाऊ शकतात हे ध्यानात येते. गोव्यातील आसगाव येथे जन्मलेले मोन्सेनोर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो ह्यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा जो विस्तृत ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला, त्यात अशा शब्दांची वंशावळ एखाद्या कुळकर्ण्याने वतनदारांची मांडावी तितक्या निगुतीने मांडलेली आहे.

तिसरा मासला ‘बस’ ह्या शब्दाचा. ‘बस’ म्हणजे आसनस्थ हो, ही आज्ञा संस्कृत ‘उपविश्’ची, त्याची ‘बैस’ ही मधली पायरी संतवाङ्मयात पदोपदी भेटते. ‘बस झाले’ ह्यातील बस फार्सी असून त्याचा अर्थ पुरे. आणि मुंबईच्या रस्त्यावर १९२६ साली जी मोटारबस प्रथम धावली, ती बस ह्या दोहोंहून विचित्र कुळातली. ‘ओम्निबुस्’ ह्या लॅटिन रूपाचा अर्थ ‘सर्वांसाठी’; त्यातले ‘सर्व’ गळून गेले आणि मागे राहिला तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय. हा प्रत्यय संस्कृतातील चतुर्थीच्या अनेकवचनाच्या ‘भ्यः’ ह्या प्रत्ययाचा सगोत्र आहे. जे पोर ‘देवेभ्यः’, ‘नरेभ्यः’ घोकत बसने शाळेला जाते, ते एका अर्थाने ‘भ्यः’ ह्या प्रत्ययात बसूनच जात असते.

शब्दांचे हे बहुरूपीपण आपल्या पूर्वाचार्यांच्या दृष्टीतून निसटले होते असे मुळीच नाही. अमरसिंहाने आपल्या कोशाच्या तिसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दांसाठी नानार्थवर्ग हा स्वतंत्र वर्ग योजला. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘अनेकार्थसंग्रह’ हा ह्याच प्रयोजनाचा कोश रचला. आणि ‘सैंधव’ आण म्हटल्यावर भोजनाच्या पंक्तीत मीठ आणावे व प्रयाणाच्या वेळी घोडा आणावा, हे उदाहरण तर शास्त्राध्ययन करणाऱ्या प्रत्येक बटूच्या कानावरून गेलेले असे. पण मीठ व घोडा ही दोन्ही सिंधुदेशचीच, म्हणजे शब्द एक आणि त्याला फुटलेल्या शाखा दोन. एका शब्दाने अनेक अर्थ धारण करणे ही एक गोष्ट. आणि अनेक शब्द उच्चाराच्या झिजेमुळे योगायोगाने एका रूपावर येऊन ठेपणे ही अगदी दुसरी गोष्ट. ह्या दोहोंची गल्लत हाच आपल्या व्युत्पत्तिविषयक चर्चेतील सर्वांत जुनाट रोग आहे, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या प्रकाराची, म्हणजे एकाच बीजाच्या निरनिराळ्या फळांची, सर्वांत संपन्न उदाहरणे पाहावयाची असतील तर तत्सम शब्दांचा भारतभर झालेला प्रवास पाहावा. हिंदीतील शिक्षामंत्री दंड करीत नाही हे आता सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्या झिजलेल्या विनोदाची पुनरुक्ती येथे करीत नाही. ‘संसार’ हा शब्द मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. संस्कृतात तो जन्ममरणाचा फेरा. हिंदीत तो सबंध जग. मराठीत तो नवराबायको, मुलेबाळे, भांडीकुंडी आणि महिनाअखेरची ओढाताण. तमिळ घरात बायकोलाच ‘संसारम्’ म्हणण्याची रीत पडली. आणि मलयाळम् भाषेत पोहोचल्यावर त्याच शब्दाचा अर्थ झाला बोलणे, संभाषण. वैराग्याच्या परिभाषेतला एक भयसूचक शब्द अशा रीतीने दक्षिणेकडे सरकता सरकता गप्पागोष्टींपर्यंत येऊन पोहोचतो, आणि प्रत्येक मुक्कामी तेथील लोकांना तोच अर्थ स्वयंसिद्ध वाटतो. आपण मराठी माणसांनी ह्या शब्दाला जो घरगुती अर्थ दिला, त्यात संतांच्या शिकवणुकीचा काही अंश असावा असे मला वाटत आले आहे. संसार टाकून नव्हे तर संसारात राहून परमार्थ साधावा, असे ज्या प्रांतात शतकानुशतके सांगितले गेले, तेथे तो शब्द भयाकडून मायेकडे झुकला तर नवल नाही.

‘कल्याण’ हे आपल्याकडे शुभचिंतन व ठाणे जिल्ह्यातले शहर. तेलुगू-तमिळ मंडळींत ‘कल्याणम्’ म्हणजे विवाह. ‘उपन्यास’ हिंदीत व बंगालीत कथाग्रंथ, तर कानडी-तेलुगूत व्याख्यान. आणि ज्याला ते उपन्यास म्हणतात त्याला मराठी व कानडी ह्या दोघी शेजारणी मात्र एकमताने बाणभट्टाच्या एका ग्रंथाचे नाव देऊन कादंबरी म्हणतात. ‘चेष्टा’ बंगालीत प्रयत्न आणि मराठीत टवाळी. ‘राग’ हा मुळात रंग. तो मनाला चढला की संस्कृतात प्रेम होतो, गळ्यात उतरला की गायकी होते, आणि चेहऱ्यावर चढला की मराठी व बंगाली ह्या दोन टोकांच्या भाषांत संताप होतो. अशी यादी कितीही लांबवता येईल. परंतु तिच्यात तत्त्व एकच, की बीज सर्वत्र तेच आहे.

फार्सी-अरबी शब्दांचा इतिहास ह्याहून मनोरंजक, कारण त्यांच्या अर्थांतरामागे राज्यकारभाराचा प्रत्यक्ष दाब आहे. ‘राजीनामा’ हा शब्द घ्या. त्याचा फार्सी अर्थ संमतिपत्र. हिंदी मुलखातील कचेऱ्यांत तो दोन पक्षांच्या तडजोडीच्या कागदाला लावतात. मराठी मुलखात मात्र कुळाने ‘ही जमीन मी राजीखुशीने सोडीत आहे’ असे सरकारास लिहून द्यावे, त्या कागदाला राजीनामा म्हणण्याची वहिवाट पडली, आणि जमीन सोडण्याच्या कागदाचे नाव पुढे नोकरी सोडण्याच्या कागदाला लाभले. आज मराठी मंत्री राजीनामा देतो तेव्हा त्याच्या चर्येवर राजीपणाचा लवलेशही नसतो, पण शब्द आपली जुनी साक्ष सोडीत नाही. ‘शिकस्त’ ह्या शब्दाने तर कुस्तीतला डाव उलटवावा तसा अर्थ उलटवला आहे. फार्सीत आणि उर्दूत शिकस्त म्हणजे मोड, पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे पराकाष्ठा. हाडे मोडेपर्यंत केलेले श्रम हा मधला दुवा मानला तर अर्थाची संगती लागते. पण दिल्लीकडच्या श्रोत्यांसमोर ‘आम्ही शिकस्त केली’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मराठी वक्त्याने पुढच्या शांततेचा अर्थ आपल्या वक्तृत्वाचा प्रभाव असा लावू नये. ‘तक्रार’ अरबीत पुनरावृत्ती, तुर्कीत ‘पुन्हा’, हिंदीत भांडण, आणि मराठीत गाऱ्हाणे. तीच ती गोष्ट पुनःपुन्हा सांगणे हे गाऱ्हाण्याचे मूळ लक्षण ज्याला उमगले, तो मराठी मनुष्य कचेरीच्या पायऱ्या पुष्कळ झिजवलेला असला पाहिजे.

परंतु ह्या वर्गात माझा सर्वांत आवडता शब्द ‘दफ्तर’. ग्रीक भाषेत ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहीत, म्हणून पश्चिम आशियात तो लेखनाच्या साधनाचा वाचक झाला. अरबीत वही, मलाया-इंडोनेशियाकडे यादी, हिंदीत कचेरी. मराठीत तो कागदपत्रांच्या संग्रहावर स्थिरावला. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत ज्यातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, ते पुण्याचे पेशवे दफ्तर हे त्याचे सर्वांत भव्य रूप. तेथील कागदांच्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात, आणि रुमाल म्हणजे फार्सीत तोंड पुसण्याचे वस्त्र. तोच दफ्तर किंचित मऊ होऊन ‘दप्तर’ ह्या रूपाने मुलांच्या खांद्याला लटकू लागला. घटसर्प ह्या रोगाचे डॉक्टरी नाव डिप्थेरिया, तेही ह्याच कातड्याच्या शब्दावरून पडलेले आहे, कारण त्या व्याधीत घशावर कातड्यासारखा पापुद्रा धरतो. दप्तर आणि डिप्थेरिया ह्यांत अर्थाचे साम्य शोधूनही सापडणार नाही. तरी दोघांचे मूळपुरुष एकच.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे भिन्न कुळांच्या सरूप शब्दांकडे वळू. मराठीतील ‘काम’ हे ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’, ह्या परंपरेने आलेले. पुरुषार्थांतला ‘काम’ म्हणजे इच्छा, हा तत्सम शब्द वेगळा. आणि ‘कामयाब’, ‘नाकाम’ ह्या फार्सी शब्दांतले काम तिसरे. नाकाम म्हणजे ज्याचे काम झाले नाही तो, असे आपण समजतो. वस्तुतः फार्सी ‘काम’ म्हणजेही इच्छाच, आणि तो आपल्या पुरुषार्थातल्या कामाचा इराणात राहिलेला सख्खा भाऊ आहे. म्हणजे जो परका वाटतो तो पुरुषार्थातल्या कामाचा आप्त, आणि जो घरचा तो मात्र त्याचा कोणी नव्हे! ‘आम’ ह्या रूपाचीही अशीच गंमत आहे. आयुर्वेदातला आम म्हणजे न पचलेले, कच्चे, आणि त्यावरून आमांश. हिंदीतला आम म्हणजे आम्रफळ. आणि दिवाण-ए-आम ह्यातला अरबी आम म्हणजे सर्वसाधारण जनता, ज्यावरून आपण ‘आमदार’ हा शब्द बनवला. ह्या पदाचा संबंध कच्चेपणाशी किंवा न पचण्याशी जोडण्याचा मोह टीकाकारांनी आवरावा. निदान व्युत्पत्तीचा आधार त्यांना मिळणार नाही. कोल्हापूर-बेळगावाकडील द्विभाषिक कुटुंबांना तर हा अनुभव रोजचाच असतो: कानडीत ‘हालु’ म्हणजे दूध आणि मराठीत हाल म्हणजे विपत्ती, कानडीत ‘मग’ म्हणजे मुलगा आणि मराठीत मग म्हणजे त्यानंतर.

योगायोगाची परिसीमा तेव्हा होते, जेव्हा रूपही जुळते आणि अर्थही जुळतो, आणि तरीही नाते नसते. फार्सी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ दोन्हींचा अर्थ वाईट. दोघांचे मूळ एक असले पाहिजे, असे शंभरांतील नव्व्याण्णव जण शपथेवर सांगतील. परंतु फार्सी बदचे मध्ययुगीन पूर्वरूप ‘वद’ असे होते, आणि इंग्रजी शब्दाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. ह्यातही विलक्षण असे की ‘बदनाम’ ह्या शब्दाचा उत्तरार्ध जो ‘नाम’, तो मात्र संस्कृत ‘नामन्’, लॅटिन ‘नोमेन्’ आणि इंग्रजी ‘नेम’ ह्यांचा खराखुरा गोत्रज आहे. एकाच समासाची अर्धी बाजू नात्याची आणि अर्धी निव्वळ योगायोगाची! ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांती म्बाबराम नावाची आदिवासी भाषा होती. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन ह्यांनी तिच्या एका वृद्ध भाषकाला कुत्र्यासाठी शब्द विचारला, तेव्हा त्याने ‘डॉग’ असेच सांगितले. तो इंग्रजांकडून घेतलेला शब्द नव्हता. शेजारच्या भाषेत आढळणाऱ्या ‘गुदग’ ह्या जुन्या शब्दाचे आद्य अक्षर गळून व स्वर पालटून, त्या भाषेच्या स्वतःच्या नियमांनी, तो तेथे पोहोचला होता. जपानी ‘अरिगातो’ आणि पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’ ही दोन्ही आभाराची वचने. पण जपानी शब्दाचे मूळ पोर्तुगीज तेथे १५४३ साली पोहोचण्यापूर्वीचे आहे. ग्रीक ‘थेओस्’ आणि लॅटिन ‘देउस्’ दोन्हींचा अर्थ देव; त्यांपैकी देउस् तेवढा आपल्या ‘देव’ शब्दाचा भाऊबंद, थेओस् नव्हे.

आप्तवाचक शब्दांचा प्रांत ह्यात अगदी निराळा. मामा, बाबा, काका, दादा, नाना हे शब्द जगभर विखुरलेले आहेत, आणि जॉर्जियाच्या भाषेत तर ‘मामा’ म्हणजे बाप. ओठ मिटून उघडले की तान्ह्या मुलाच्या तोंडून जे ध्वनी सहज निघतात, त्यांना वडील मंडळी आपापल्या सोयीचा अर्थ देतात, ही भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन ह्यांची उपपत्ती मला सयुक्तिक वाटते. पाळण्यातल्या शब्दांवरून राष्ट्रांची नाती ठरवू नयेत.

ह्या सर्व प्रकरणात अपराध शब्दांचा नसतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यामोहऱ्यावर भुलणारे लोक पुष्कळ निघाले. १७७६ साली त्याला शिक्षा झाली ती मुद्रा पाहून नव्हे, तर त्याचे गाव, घर व पूर्ववृत्त ह्यांची चौकशी होऊन. शब्द बिचारा स्वतः तोतयेपणाचा दावा करीत नाही. आपणच त्याच्या तोंडवळ्यावरून त्याला भाऊसाहेब ठरवतो. ‘व्हॅटिकन’ म्हणजे वाटिका आणि ‘ऑस्ट्रेलिया’ म्हणजे अस्त्रालय, असे प्रतिपादन करणारे लेखन आपल्याकडे कमी झालेले नाही. व्हॅटिकन हे रोममधील टेकडीचे ख्रिस्ती धर्माहूनही जुने नाव आहे, आणि ऑस्ट्रेलिया हे लॅटिन भाषेत केवळ ‘दक्षिणेकडची भूमी’ होय. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांच्यासारखा अलौकिक संशोधकसुद्धा प्रत्येक ग्रामनामाला संस्कृत मूळ शोधण्याच्या ओढीतून सर्वस्वी मुक्त नव्हता, हे त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही सांगितले पाहिजे. त्यानंतर झ्यूल ब्लॉक ह्यांचा मराठीच्या जडणघडणीवरील फ्रेंच ग्रंथ, माधव जूलियनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश आणि कृ. पां. कुलकर्णी ह्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश ही साधने हाती आली. तेव्हा केवळ कानाच्या साक्षीवर निवाडा देण्याची सबब आता उरलेली नाही. खरे नाते रूपाच्या साम्यात नसून ध्वनींच्या नियमबद्ध विषमतेत असते. आर्मेनियन भाषेत दोन ह्या संख्येला ‘एर्कु’ म्हणतात; त्यात ‘द्वि’चे एकही अक्षर दिसत नाही, परंतु त्या भाषेत आरंभीच्या ‘द्व्’चे ‘एर्क्’ होते, हे इतर शब्दांवरूनही भाषाशास्त्रज्ञ मेये ह्यांनी दाखवून दिले आणि ते नाते सिद्ध झाले.

आणि केवळ तोंडवळ्यावरून शब्दाचे मूळ ठरवण्याच्या ह्या रोगाचे निदान आपल्याच देशात तेराशे वर्षांपूर्वी झालेले होते. म्लेच्छांच्या भाषेतून वेदात आलेल्या ‘पिक’, ‘नेम’, ‘तामरस’ अशा शब्दांचा अर्थ धातूंवरून ओढूनताणून न लावता त्या लोकांच्या वापरावरूनच घ्यावा, असा निर्णय शबरस्वामींनी मीमांसेत दिला होता. त्यावर लिहिताना कुमारिल भट्टाने सातव्या शतकात ‘तंत्रवार्तिक’ ग्रंथात द्राविड भाषांचे दाखले दिले. द्राविड लोक भाताला ‘चोर्’ म्हणतात, तर आपले पंडित त्याला स्वर जोडून ‘चोर’ करतात. ते वाटेला ‘अतर्’ म्हणतात, तर हे म्हणतात की खरेच, वाट तरून जाण्यास कठीण म्हणूनच ती अतर. ते सापाला ‘पाप्’ म्हणतात, तर हे माना डोलावतात की साप हा पापीच. आणि पोटाचा ‘वैर्’ ऐकून ह्यांची खात्री होते की भुकेल्याकडून अकार्य करविणारे पोट हे वैरीच होय. तमिळमध्ये आजही भात ‘चोऱु’, साप ‘पाम्बु’ आणि पोट ‘वयिऱु’ आहे. एवढे सांगून कुमारिल शेवटी म्हणतो, की द्राविड भाषांच्या बाबतीत जर एवढा स्वैराचार, तर पारसी, बर्बर, यवन आणि रोमक ह्यांच्या भाषांत ही मंडळी काय काय कल्पना करतील कोण जाणे. पारशांचा ‘कामयाब’, यवनांचे ‘दप्तर’ आणि रोमकांची ‘बस’ आज मराठी घरात रोज वापरात आहेत.